चिमणी तर शेतातून दिसते, पण गेटच्या आत जायचं कसं? वीज, कोळसा अन् सोलरमधल्या नोकरीची तयारी

आमच्या वरोरा-भद्रावतीच्या पट्ट्यात रात्रीच्या पाळीला चण्याला पाणी द्यायला गेलं की लांब चिमण्यांचे लाल दिवे लुकलुकताना दिसतात, दुसरीकडे कोळसा खाणीचा उजेड, अन् डोक्यावरून मोठ्या टॉवरच्या तारा गेलेल्या. म्हणजे काम आपल्या बांधाला लागून आहे. तरी दरवर्षी दसरा झाला की गावातले पोट्टे येऊन एकच म्हणतात, "भाऊ, कुठंतरी लावून दे ना बे." लावून देणारा मी कोणी नाही, मी वीज खात्यात तंत्रज्ञ आहे, त्याआधी एक वर्ष ॲप्रेंटिस, चार वर्षं ठेकेदाराकडे, मग विद्युत सहाय्यक, म्हणजे मानधनावरची सुरुवातीची जागा, असा आलो. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट डोळ्यासमोर सारखी घडताना पाहिली ती म्हणजे ज्याची तयारी जाहिरात निघायच्या आधी झालेली असते तोच आत जातो. बाकीचे जाहिरात आल्यावर धावत सुटतात, अर्धे दिवस तहसीलच्या लाइनीत जातात अन् उरलेले सायबर कॅफेत. म्हणून हे सगळं लिहून काढतोय, जरा मोठं झालंय पण सवडीनं वाचा.

आधी दरवाजा कोणता ते ठरवा

"वीज कंपनीत लागायचंय" असं म्हणून भागत नाही. २००५ मध्ये जुन्या एमएसईबीचे तुकडे झाले, तेव्हापासून तीन वेगळ्या कंपन्या आहेत अन् तिघींची भरती वेगळी निघते. महानिर्मिती वीज तयार करते, म्हणजे आपल्याकडे कोराडी, खापरखेडा, पारस अन् चंद्रपूर, त्यात चंद्रपूर एकटं २९२० मेगावॅटचं. महापारेषण मोठ्या टॉवरच्या लाइनी अन् मोठे सबस्टेशन सांभाळते. महावितरण म्हणजे आपला लाइनमन, गावातली डीपी, मीटर, बिल. सगळ्यात जास्त जागा साधारण महावितरणच्याच निघतात कारण गाव तिथे तार आहे.

याच्या बाहेर एनटीपीसीचं मौद्याचं केंद्र आहे, खाजगीत तिरोड्याचं ३३०० मेगावॅटचं, नांदगाव पेठचं, आमच्या वरोऱ्याच्या एमआयडीसीतलं. कोळशात वेकोलि, म्हणजे कोल इंडियाची वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनी, मुख्यालय नागपूर, खाणी उमरेड, वणी, माजरी, चंद्रपूर, बल्लारपूर अशा पसरलेल्या. अन् आता सोलर, त्याबद्दल खाली वेगळं लिहितो कारण मला वाटते दहावी-आयटीआयवाल्या पोरांनी सध्या तिकडे जास्त पाहायला पाहिजे.

कोणता दरवाजा हे तुमच्या शिक्षणावर कमी अन् तुमच्या अंगावर जास्त ठरवा असं मी म्हणतो. उंचीची भीती वाटते त्यानं लाइनमनच्या मागे लागू नये, पावसात, रात्री दोन वाजता, चिखलात पोलवर चढावं लागते. पाळी झेपत नाही त्याला औष्णिक केंद्रात त्रास होतो, तिथे आठवड्याला पाळी बदलते अन् झोपेचं गणित पूर्ण बिघडते. दम्याचा त्रास असेल तर कोळसा हाताळणीच्या विभागात, सीएचपी म्हणतात त्याला, जाऊच नका, कितीही म्हटलं तरी तिथे धूळ असतेच.

कागद आजच गोळा करा

हा भाग कंटाळवाणा आहे पण सगळ्यात जास्त पोरं इथेच पडतात. माझ्यासोबतचा एक पोरगा, अभ्यासात माझ्यापेक्षा किती तरी पुढे, परीक्षेत नाव आलं, कागद तपासणीच्या दिवशी नॉन क्रिमीलेयरची मुदत संपलेली निघाली. त्याच्या बाबांनी पऱ्हाटी विकून त्याला शिकवलं होतं. त्या दिवशी तो एसटी स्टँडवर बसून राहिला, घरी जायची त्याची हिंमत नव्हती. मला ते दृश्य आजही विसरता येत नाही.

तर एक प्लास्टिकची फाइल घ्या. दहावी, बारावी, आयटीआयची सगळी मार्कशीट अन् सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस जे लागू असेल ते. जात वैधतेचा अर्ज तर आयटीआयला असतानाच टाका, तिला वेळ लागतो अन् मध्येच आजोबाचा जुना शाळेचा दाखला मागतात. आधार, दहावीची मार्कशीट अन् बँक पासबुक यावर नाव एकसारखं आहे का ते अक्षर न् अक्षर जुळवून पाहा, आईवडिलांचं नाव, मधलं नाव, आडनावाचं स्पेलिंग, सगळं. एका अक्षरापायी पुढे पीएफसुद्धा अडकतो.

मोबाईल नंबर एकच ठेवा अन् तो बंद पडू देऊ नका. हॉल तिकीट अन् कॉल लेटर मेसेजवर अन् मेलवर येते, पोरं रिचार्जची नवी स्कीम पाहून सिम बदलतात अन् नंतर रडतात. मेल आयडीचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा, कॅफेवाल्याच्या भरवशावर नको.

ज्यांच्या घरची जमीन एखाद्या प्रकल्पात, धरणात, केंद्रात गेली त्यांनी प्रकल्पग्रस्ताचा दाखला घरात कोणाच्या नावे आहे ते आजच विचारा. सरकारी भरतीत प्रकल्पग्रस्तांना समांतर आरक्षण असते. एका कुटुंबात तो एकालाच वापरता येतो, म्हणून भावाभावांत आधी बसून ठरवा, नाहीतर दोघंही अर्ज भरतात अन् मग भांडण कोर्टापर्यंत जाते. वेकोलिच्या खाणीत जमीन गेली असेल तर तिथलं गणित वेगळं, कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात दोन एकरामागे एक नोकरी असा हिशेब आहे. पण त्यासाठी सातबारा, फेरफार, वारसाची नोंद हे सगळं सरळ पाहिजे. आजोबाच्या नावावर जमीन अन् वारस चढलेलेच नाहीत असं आपल्याकडे घरोघरी आहे, तलाठ्याकडे जाऊन ते आधी करून घ्या.

आयटीआय झालं की ॲप्रेंटिस सोडू नका

वायरमन, इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हे ट्रेड या लाइनीत चालतात. महावितरणच्या विद्युत सहाय्यकासाठी बारावी अन् इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन असं दोन्ही लागते हे लक्षात ठेवा. दहावीनंतर थेट आयटीआय केलेले बरेच पोरं इथे अडकतात, त्यांनी अकरावी-बारावी बाहेरून का होईना करून घ्यावी.

आयटीआयचा रिझल्ट लागला की केंद्र सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवा. वीज कंपन्या, वेकोलि, एनटीपीसी सगळ्यांची शिकाऊ उमेदवारांची भरती त्या नोंदणीवरूनच होते. डिप्लोमा अन् डिग्रीवाल्यांसाठी वेगळं पोर्टल आहे, नॅट्स नावाचं. पैसा फार नसतो ॲप्रेंटिसला, खोलीभाडं अन् मेसमध्येच जातो, म्हणून पोरं म्हणतात, "त्यापेक्षा पुण्याला कंपनीत जातो." मी सांगतो जाऊ नका, वर्षभर पोट आवळून काढा. कारण एक तर विद्युत सहाय्यकाच्या जाहिरातीत शिकाऊ उमेदवारांचा वेगळा रकाना असतो. अन् दुसरं म्हणजे आयटीआयमध्ये आपण बोर्डावर दिवा लावायला शिकतो, पण ११ केव्हीची लाइन, डीपीचे डीओ म्हणजे उडून खाली लटकणारे फ्यूज, लाइन तोडायचा एबी स्विच, सबस्टेशनचा ब्रेकर हे प्रत्यक्ष हात लावून ॲप्रेंटिसलाच दिसते.

त्या वर्षात एक वही करा. रोज काय पाहिलं ते चार ओळी. आज ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर बदलला, जुना कशामुळे जळला होता, तेल किती होतं, अर्थिंग कशी होती. सिनियर लाइनमनला भाऊ म्हणा, काका म्हणा, पण विचारत राहा. ते लोक पुस्तकातलं बोलत नाहीत पण त्यांच्या हाताला जे कळते ते कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही. माझी ती वही मी अजून सांभाळून ठेवलीय, मुलाखतीच्या आदल्या रात्री तीच वाचली होती.

पोरींनी हा भाग सोडून पुढे जाऊ नका. महावितरणमध्ये महिला तंत्रज्ञ आहेत, पोलवर चढून काम करतात, महिलांसाठी आरक्षित जागाही असतात. घरचे म्हणतात की पोरीची जात अन् खांबावर चढणार का. आयटीआयला इलेक्ट्रिशियनला नाव घाला, चढणं सवयीनं येते.

परीक्षेचा अभ्यास, जसा मी केला असता

मागच्या मोठ्या विद्युत सहाय्यक भरतीत, ५३४७ जागांच्या, ऑनलाइन परीक्षा १५० मार्कांची होती अन् त्यात ट्रेडच्या ५० प्रश्नांना ११० मार्क होते. बाकी बुद्धिमत्ता, गणित अन् मराठी मिळून ८० प्रश्नांना फक्त ४०. अन् चुकलं तर मार्क कापतात. आता एवढं डोळ्यासमोर असताना पोरं काय करतात तर तालुक्याच्या लायब्ररीत बसून पोलीस भरतीचं सामान्य ज्ञान पाठ करतात. काहून? कारण सगळे तेच करतात. पुढच्या जाहिरातीत पॅटर्न थोडा बदलू शकतो म्हणून जाहिरातीची पीडीएफ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचा, व्हॉट्सॲपवरचा फोटो वाचून अर्ज भरू नका, पण ट्रेडचा अभ्यास कधी वाया जात नाही.

ट्रेडचा अभ्यास म्हणजे आयटीआयची ट्रेड थिअरीची पुस्तकंच, मराठीत मिळतात. ओहमचा नियम, सिरीज-पॅरलल, एसी सर्किट अन् पॉवर फॅक्टर, ट्रान्सफॉर्मर, थ्री फेज मोटर अन् स्टार्टर, अर्थिंग, केबल, बॅटरी, मोजायची यंत्रं. पाठ करू नका, आपल्या शेताला लावून पाहा. विहिरीवर ५ एचपीची मोटर आहे ना? १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे ५ चे ३७३० वॅट. थ्री फेज ४१५ व्होल्ट, पॉवर फॅक्टर ०.८ अन् एफिशियन्सी ८५ टक्के धरली तर करंट साधारण साडेसात अँपियर येतो. आता क्लॅम्प मीटर मागून आणा अन् मोटर चालू असताना बाहेरून वायरीला लावून मोजा. दहा-अकरा दाखवलं तर का दाखवलं, व्होल्टेज कमी आहे का, बेअरिंग जाम आहे का, एक फेज ढिला आहे का? हे एकदा शोधलं की मोटरचा अख्खा चॅप्टर डोक्यात बसतो. स्टार-डेल्टा स्टार्टर का लागतो हे त्यानंतर कोणी विचारलं तर तुम्ही पुस्तकाच्या ओळी आठवत बसणार नाही.

सकाळी दोन तास ट्रेड, रात्री एक तास गणित-बुद्धिमत्ता-मराठी, अन् रविवारी घड्याळ लावून एक पेपर. शेतीच्या कामात एवढंच जमते अन् वर्षभर टिकवलं तर एवढंच पुरते. वखरणी-वेचणीच्या दिवसात खंड पडतो, पडू द्या, पण पुन्हा सुरू करा. क्लासच लावायचा असेल तर आधी आपल्या प्रवर्गासाठी बार्टी, सारथी, महाज्योती यांचं मोफत प्रशिक्षण निघते का ते पाहा, नंतर खिशात हात घाला.

डिप्लोमा-डिग्रीवाल्यांना सांगायचं तर नागपूरला राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्था आहे, एनपीटीआय, तिथे औष्णिक केंद्राचे कोर्स होतात. फी आहे, पण केंद्र चालवायचं काम शिकायचं तर तिथली माहिती घेतल्याशिवाय दुसरीकडे पैसे टाकू नका.

ठेकेदाराकडचं काम: करा, पण डोळे उघडे ठेवून

सरकारी जागा निघेपर्यंत घरी बसायचं कसं, म्हणून बहुतेकांना ठेकेदाराकडे जावंच लागते, मीही गेलो. औष्णिक केंद्रात वर्षातून एकदा युनिट बंद ठेवून मोठी दुरुस्ती करतात, ओव्हरहॉल म्हणतात, तेव्हा फिटर, वेल्डर, रिगर, हेल्पर यांची एकदम गरज पडते. आत शिरायची ती चांगली वेळ असते. हेल्पर म्हणून गेला तरी हातोडा-पाना देत देत बॉयलर, कोळसा दळायची मिल, धुरातली राख पकडणारं ईएसपी, कन्व्हेयर सगळं पाहायला मिळते.

वेल्डिंगचा हात चांगला असलेल्या पोरांना मी खास सांगतो, हाय प्रेशर वेल्डर व्हा. बॉयलरच्या ट्यूबचं वेल्डिंग कोणालाही करू देत नाहीत, त्याची वेगळी टेस्ट अन् सर्टिफिकेट असते, एक्सरे काढून जोड तपासतात. पण एकदा हात बसला अन् सर्टिफिकेट आलं की ओव्हरहॉलच्या सीझनमध्ये लोक स्वतः फोन करतात. तसंच बॉयलर अटेंडंटचं, राज्याचं बाष्पके संचालनालय परीक्षा घेते, सेकंड क्लास मग फर्स्ट क्लास. ते सर्टिफिकेट वीज केंद्रातच काय, जिनिंगच्या तेल गिरणीत, साखर कारखान्यात, पेपर मिलमध्येही चालते.

खाणीत ठेकेदाराकडे जाणार असाल तर आधी व्हीटीसीचं, म्हणजे खाणीच्या प्रशिक्षण केंद्रातलं ट्रेनिंग अन् मेडिकल झाल्याशिवाय खाणीत उतरू नका, कोणी "आज असंच चल, कागद नंतर करू" म्हणालं तरी नाही. खाणीच्या मुख्य कामावरच्या ठेका कामगारांना एचपीसीचा, म्हणजे कोल इंडियाच्या हाय पॉवर कमिटीचा मजुरी दर ठरलेला आहे, तो किती ते युनियनच्या माणसाला विचारून घ्या अन् बँकेत तेवढे येतात का पाहा. मायनिंगचा डिप्लोमा करून किंवा खाणीत अनुभव काढून डीजीएमएसची, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाची, सिरदार किंवा ओव्हरमन या खाणीतल्या देखरेखीच्या पदांची परीक्षा देता येते, सोबत फर्स्ट एड अन् गॅस टेस्टिंगची सर्टिफिकेटं लागतात. ज्याला खाणीतच आयुष्य काढायचंय त्यानं ऑपरेटर-हेल्परवर न थांबता तिकडे जावं.

आता पीएफ. मी ज्या ठेकेदाराकडे होतो त्यानं चौदा महिने माझ्या पगारातून पीएफ कापला अन् भरला सात महिन्यांचाच. मला कळलं कधी, तर बहिणीच्या लग्नाला पैसे काढायला गेलो तेव्हा. तुमचं तसं होऊ नये म्हणून यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, पहिल्या महिन्यात मागून घ्या, उमंग ॲपवर दर महिन्याला पासबुक उघडा अन् जमा दिसते का पाहा. न दिसल्यास लगेच विचारा, दोन महिने झाले तर चार-पाच जण मिळून मुख्य कंपनीच्या कामगार अधिकाऱ्याकडे लेखी द्या, कारण ठेकेदारानं नाही भरलं तर जबाबदारी मुख्य कंपनीवरही येते. पगार २१ हजारापर्यंत असेल तर ईएसआयसीचं कार्डही मागा, घरच्यांचा दवाखाना त्यात होतो. अनुभवाचं पत्र काम सोडतानाच घ्या, सहा महिन्यांनी तो ठेकेदार कुठे असेल सांगता येत नाही.

सोलर: इथे गावात राहून काम आहे

आपल्या ऊन्हाचा त्रासच झाला आजवर. आता त्याच्यावर काम निघालंय अन् तेही गावातच. तीन ठिकाणी पाहा.

शेतातले सोलर पंप, आधी पीएम कुसुम अन् २०२४ पासून मागेल त्याला सौर कृषी पंप. या पंपाची पाच वर्षं देखभाल पुरवठादार कंपनीनंच करायची असते, म्हणजे पंप बसवून ते निघून गेले असं चालत नाही, त्यांना प्रत्येक तालुक्यात फिरणारा माणूस लागतो. वाऱ्यात पॅनल उडालं, कंट्रोलर बंद पडला, माकडांनी वायर तोडली, शेतकरी तक्रार टाकतो अन् कोणीतरी जावं लागते. तो कोणीतरी तुम्ही व्हा. आपल्या तालुक्यात कोणत्या कंपनीचे पंप जास्त बसले ते शेताशेतात फिरून कंट्रोलरवरचं नाव वाचून समजते, तिथेच सर्व्हिसचा नंबर लिहिलेला असतो. फोन करा, "मी इलेक्ट्रिशियन आहे, माझ्याकडे गाडी आहे, या पन्नास गावांचे रस्ते मला माहीत आहेत," एवढं सांगा. आमच्या बाजूच्या गावच्या दोघांनी असंच काम मिळवलं, कुठली जाहिरात नव्हती.

दुसरं घरावरचं सोलर, पीएम सूर्यघर, २०२४ ला सुरू झालं, ३ किलोवॅटला ७८ हजारापर्यंत सबसिडी आहे म्हणून तालुक्याच्या ठिकाणी लोक बसवत आहेत. तिथे बसवणाऱ्या एजन्सीकडे दोन-तीन महिने हेल्पर म्हणून जा, स्ट्रक्चर, वायरिंग, इन्व्हर्टर, नेट मीटरचा अर्ज सगळं पाहून घ्या. तिसरं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीचे प्रकल्प, सबस्टेशनजवळ पडीक जमिनीवर पॅनलचं शेत उभं राहते. उभारताना फिटर-वायरमन अन् नंतर साफसफाई, गवत कापणी, राखण, देखभाल यासाठी थोडे पण कायमचे लोक लागतात.

शिक्षण म्हणाल तर सूर्यमित्र नावाचं सरकारी प्रशिक्षण २०१५ पासून आहे, आयटीआयवाल्यांना त्याचा फायदा होतो, जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात विचारा, रोजगार मेळाव्याची माहितीही तिथेच अन् महास्वयम पोर्टलवर मिळते.

पण एक गोष्ट जीव तोडून सांगतो. घरच्या वायरिंगवाला हात सोलरला तसाच लावू नका. एसी करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, पॅनलमधून निघणारा डीसी शून्यावर येतच नाही, चालू लोडवर कनेक्टर ओढला तर जाळ तसाच धरून राहतो. अन् पॅनलला बटन नाही, ऊन आहे तोवर त्याच्यात वीज आहे, दहा-बारा पॅनल सिरीजमध्ये जोडले की चारशे-पाचशे व्होल्ट सहज होतात. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर म्हणजे पॅनलची लाइन तोडायचा स्विच, मग मीटर लावून करंट शून्य झाला ते पाहा, मगच एमसी-४ ला, म्हणजे पॅनलच्या वायरीच्या कनेक्टरला हात. क्रिम्पिंगचं, म्हणजे वायरीवर कनेक्टर दाबून बसवायचं, स्वतःचं चांगलं टूल घ्या, पकडीनं दाबलेला कनेक्टर दोन उन्हाळ्यात वितळतो. मुलाखतीत कोणी विचारलं की मे महिन्यात ऊन जास्त तर वीज जास्त का नाही, तर सांगा की पॅनल तापलं की त्याचं व्होल्टेज पडते, प्रत्येक डिग्रीला पॉवर साधारण ०.३ ते ०.४ टक्के कमी होते. आपल्या ४५-४६ च्या उन्हात पॅनल त्याच्याहूनही किती तरी गरम असते.

मुलाखतीत काय पाहतात

सरकारी भरतीत तंत्रज्ञाला मुलाखतीपेक्षा परीक्षा अन् कागदच महत्त्वाचे, पण खाजगी केंद्रात, सोलर कंपनीत, ठेकेदाराच्या इंजिनियरसमोर बसावं लागते. बायोडाटा एक पान ठेवा. "मी मेहनती व प्रामाणिक आहे" हे सगळेच लिहितात, त्या जागी लिहा की १०० केव्हीएच्या डीपीचं मेंटेनन्स केलं, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) अन् अर्थ टेस्टर वापरता येते, इतक्या महिन्यांचा ओव्हरहॉल केला. अन् जे केलं नाही ते लिहू नका, समोरचा माणूस दोन प्रश्नांत ओळखतो.

ते बहुतेक वेळा साधाच प्रश्न विचारतात. "डीपीवरचा डीओ उडाला, तू काय करशील?" पोरगं घाईनं म्हणते, फ्यूज टाकीन. इथेच संपलं. त्यांना ऐकायचं असते ते असं: आधी सबस्टेशनला फोन करून परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी, घेईन, लाइन बंद झाल्याची खात्री करीन, एबी स्विच उघडून त्याला कुलूप लावीन, टेस्टरनं तपासीन, डिस्चार्ज रॉड लावून अर्थ करीन, कारण कोणाच्या घरचा जनरेटर उलटा येऊ शकतो, हातमोजे, हेल्मेट, झुला म्हणजे सेफ्टी बेल्ट घालीन, डीओ का उडाला ते पाहीन, मगच नवीन टाकीन. उत्तर हळू दिलं तरी चालते, पण क्रम सुटला नाही पाहिजे. वाचताना हे लांबलचक वाटते. पण मी दोन ओळखीच्या लाइनमनच्या मयतीला गेलोय अन् दोन्ही वेळा यातली एकच पायरी सुटली होती.

भाषेचं घाबरू नका. हिंदीत विचारलं तर मोडक्या हिंदीत सांगा, मराठीत सांगतो म्हणा, पण गप्प बसू नका. खेड्यातून आलोय म्हणून खाली मान घालायची काही गरज नाही, रात्री बाराला विहिरीवरची जळालेली मोटर सुरू करून घेणारं पोरगं त्यांना पाहिजेच असते.

पैसे मागणारा

कोळसा खाणीत लावून देतो, वीज कंपनीत साहेबाशी बोलणं झालंय, दोन लाख आता अन् बाकी ऑर्डर आल्यावर, असं सांगणारा प्रत्येक तालुक्यात एक तरी असतो. हातात शिक्क्याची ऑर्डरही देतात, ट्रेनिंगलाही बोलावतात, सगळं खोटं. सरकारी भरतीत पैसा फक्त अर्जाच्या फीचा अन् तोही कंपनीच्या वेबसाइटवरून ऑनलाइन. जाहिरात खरी आहे का ते कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाहिरात क्रमांक टाकून पाहा. ऑर्डर हातात आली तर ती घेऊन थेट त्या कंपनीच्या मंडळ कार्यालयात जाऊन दाखवा. अन् कोणी फसवलं असेल तर लाजेपायी घरात बसू नका, पोलिसात तक्रार द्या, तुमच्या गप्प बसण्यानं तो पुढच्या गावात जातो. एक एकर विकून पैसे दिलेला माणूस मी पाहिलाय, ना नोकरी राहिली ना वावर.

रुजू व्हायच्या दिवशी

मेडिकलला जायच्या आदल्या रात्री जागरण नको, डोळे, रंग ओळखणं, बीपी, ऐकू येणं पाहतात. वीज अन् खाणीच्या कामात रंगांधळेपण चालत नाही, म्हणून ही तपासणी अभ्यासाला लागायच्या आधीच सरकारी दवाखान्यात करून घ्या, चार वर्षं तयारी करून शेवटी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. मूळ कागद, दोन झेरॉक्स संच, फोटो, पासबुक, पोलीस पडताळणीचा कागद असं सगळं सोबत.

जाताना स्वतःचे सेफ्टी शूज, टेस्टर, पक्कड अन् बॅटरी घेऊन जा, पहिल्या महिन्यात साहित्य मिळेलच असं नसते. विद्युत सहाय्यकाला पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन असते, मागच्या जाहिरातीत ते १५ हजार, मग १६, मग १७ असं होतं, म्हणून रुजू होताच बुलेटचा हप्ता मागे लावून घेऊ नका. पीएफमध्ये ई-नॉमिनेशन असते, ते पहिल्याच महिन्यात भरा, लग्न झालं नसेल तर मायबापाचं नाव टाका अन् लग्न झालं की बदला. अन् पहिल्या दिवशी कोणी म्हणालं, "चढ बे, लाइन बंदच आहे," तर खालूनच विचारा परमिट कोणाच्या नावानं घेतलंय. नाव सांगेपर्यंत शिडीला पाय लावू नका.